आवाजाचा ट्रॅक

पेणला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी सोळा वर्षं मल्टिमीडिया शिकवतो. आठवड्यातून तीन दिवस, सकाळचा तास. उरलेल्या वेळात माझा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीतला एक गाळा. त्यात एक कॉम्प्युटर, मागे निळा पडदा आणि लग्नाच्या शूटिंगचं सामान. क्लासमधली नोट मला तोंडपाठ आहे. मजकूर, चित्र, आवाज, चलचित्र आणि ॲनिमेशन ह्या पाच गोष्टी एकत्र आल्या की मल्टिमीडिया होतो. हे पाच घटक मी फळ्यावर लिहितो. मुली वहीत उतरवून घेतात, मुलं फळ्याचा फोटो काढतात. मग उपयोग. शिक्षण, जाहिरात, करमणूक, व्यापार, वैद्यकीय क्षेत्र. एका मुलीने एकदा विचारलं होतं, सर, वैद्यकीय क्षेत्रात काय उपयोग? मी म्हटलं, परीक्षेत एवढंच लिहायचं असतं, पुढे चला.

आणि आम्ही पुढे गेलो. त्या मुलीचा चेहरासुद्धा आता मला आठवत नाही.

माझी आई धवलारीण. होती म्हणावं की आहे म्हणावं, ते तुम्ही पुढे ठरवा. आमच्या खाडीकडच्या आगरी गावांत भटजी मंगलाष्टकांपुरता येतो. बाकीचं लग्न धवलारीण लावते. मांडव उभा राहिला की तिचं काम सुरू. देवांना लग्नाला बोलवायचं, हळद लावायची, नवऱ्याला पाटावर बसवायचं, प्रत्येक गोष्टीला तिचं गाणं आहे, आणि ते म्हटल्याशिवाय ती गोष्ट झाली असं जुनी माणसं धरत नाहीत. ह्या गाण्यांना धवले म्हणतात. ओळ धवलारणीने म्हणायची आणि मागे बसलेल्या बायकांनी तिचे शेवटचे शब्द उचलून झील धरायची. हे कुठे लिहिलेलं नसतं. आईला ते तिच्या मामीकडून आले. आई शाळेत गेली नाही, एसटीची पाटी तिला वाचता येत नाही, पण लग्नाचे सगळे दिवस पुरतील एवढे धवले तिच्या तोंडात होते आणि एका ओळीची गफलत व्हायची नाही. गडब गावाच्या आसपास आणि खाली खाडीपर्यंत लग्न ठरलं की तिला बोलावणं यायचं.

मी व्हिडिओवाला. म्हणजे एकाच मांडवात आई पाटाजवळ बसून गायची आणि मी तिच्यासमोर कॅमेरा खांद्यावर घेऊन उभा असायचो. लोकांना ह्याचं कौतुक होतं. मायलेकांना एकच आमंत्रण द्यायचं, काम झालं, असं थट्टेने म्हणायचे. मलाही बरं वाटायचं. सगळ्या नातेवाइकांत कॉम्प्युटरवर काम करणारा मी पहिला. बाकीचे एक तर मिठागरावर नाही तर डोलवीला कंपनीत शिफ्टवर. तेव्हा नाक जरा वर असायचंच.

आता मी काय करायचो ते सांगतो. कॅमेऱ्यात तेव्हा छोटी कॅसेट असे. कॅसेटवरचं सगळं कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं, नको ते कापायचं, हवं ते जोडायचं, नावं टाकायची, नवरा-नवरीला बदामात बसवायचं आणि वर सिनेमाची गाणी चढवायची. ह्याला आमच्या धंद्यात मिक्सिंग म्हणतात. मिक्सिंग करताना पडद्यावर आडव्या पट्ट्या दिसतात. एक चित्राची, तिच्याखाली एक आवाजाची. त्यांना ट्रॅक म्हणायचं. आवाज मोठा असेल तिथे खालच्या ट्रॅकवर रेघ उंच उठते, शांत असेल तिथे ती सपाट पडते. लग्नातला मूळ आवाज म्हणजे जनरेटर, बेंजो, रडणारी पोरं, पंगतीत भात मागणारे, आणि ह्या सगळ्यात आई. माझ्या लेखी हे सगळं एकच होतं. सुरुवातीला मी तो ट्रॅक मिक्सिंगच्या वेळी काढून टाकायचो. पुढे त्याचाही कंटाळा आला. मग कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घेतानाच ‘आवाज’ ह्या पर्यायापुढची टिकची खूण काढून ठेवली. आत नुसतं चित्र यायचं. काम लवकर व्हायचं, डिस्कवर जागाही वाचायची. आणि कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायची. एकेका कॅसेटवर पाच-सहा लग्नं, एकावर एक घेतलेली.

पेणपासून रोह्यापर्यंत माझ्या ओळखीचे सगळे व्हिडिओवाले असंच करायचे. कोणी त्याला चूक म्हटलं नाही. गिऱ्हाईकाला नवरी गाण्यावर हळूहळू चालत येताना दिसली की झालं. एकदाच फक्त एका वरमाईने सीडी बघून विचारलं, "सगला बरा हाय, पन धवले कुठं गेले?" मी म्हटलं, "काकी, धवल्यावर नाचणार कोण?" ती हसली, मीही हसलो. त्या दिवशी मला माझं उत्तर फार आवडलं होतं.

आणखी एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगतो. एका हळदीला माझी बॅटरी संपली. बदलून येईपर्यंत धवला संपत आलेला. मी आईजवळ वाकून म्हटलं, "आय, परत एकदा घे. आवाज नसला तरी चालेल, नुसतं तोंड हलव. वर गाणंच लावायचंय."

आईने हातातली हळदीची वाटी खाली ठेवली. "नुसता तोंड हलवाला मी बावली हाय काय रे?"

बायका हसायला लागल्या. आई हसली नाही. पण लेकाचं काम अडलंय म्हणून तिने तो धवला पहिल्यापासून परत म्हटला. मोठ्याने, सगळाच्या सगळा, आणि मागच्या बायकांनीही तितक्याच जोरात झील धरली. मी चित्र घेतलं. तो आवाजही मी ठेवला नाही.

क्लासमध्ये आवाजाचा पाठ शिकवताना मी नॉइज म्हणजे काय ते सांगतो. नको असलेला आवाज म्हणजे नॉइज. यंत्राला त्यातलं काही कळत नाही, त्याला सगळे आवाज सारखेच. नको कोणता, हे माणूस ठरवतो. तसाच कॉम्प्रेशनचा पाठ. फाइल लहान करायची तर काहीतरी टाकावंच लागतं. मग जे गेलेलं कोणाच्या लक्षात येणार नाही ते आधी टाकायचं. दर वर्षी नव्या मुलांना मी हे समजावून सांगतो, उदाहरणं देतो, प्रश्न विचारतो. सोळा वर्षांत एकदाही माझी जीभ अडखळली नाही.

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत आई रोह्याला माझ्या धाकट्या बहिणीकडे राहायला गेली होती. सकाळी चहाची बशी हातातून पडली आणि ती बसल्या जागी उजवीकडे कलंडली. अर्धांगाचा झटका. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा उजवा हात-पाय गेलेला आणि बोलणं गेलेलं. समजायचं मात्र सगळं. कोण आलं, कोण गेलं, भाजीत मीठ कमी आहे, सगळं. बोलायला गेली की एकच शब्द बाहेर यायचा, नाय. पाणी हवं असलं तरी नाय, नको असलं तरी नाय. आपण चुकीचं बोललो हे तिलाही कळायचं आणि ती डाव्या हाताने मांडीवर थापट्या मारायची. जिच्या तोंडात आख्खं लग्न असायचं तिला पाणी मागता येत नव्हतं. मी तिच्याशेजारी बसायचो आणि दहा मिनिटांत काहीतरी निमित्त काढून उठायचो. खरं सांगायचं तर मला ते बघवत नव्हतं.

बहिणीच्या घरी आठवड्यातून एकदा बोलणं परत शिकवणारी एक बाई येऊ लागली, स्पीच थेरपिस्ट. वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढी, पण हुशार आणि धीराची. तिने आईकडून आरती म्हणवून बघितली, आकडे म्हणवून बघितले. काही नाही. मग तिने मला आणि बहिणीला बाजूला बसवून सांगितलं की बोलणं डोक्याच्या एका बाजूने चालतं आणि गाण्याचं पुष्कळसं काम दुसरी बाजू करते. ज्यांना स्वतःचं नाव सांगता येत नाही अशी माणसंसुद्धा कधी कधी पाठ असलेलं गाणं म्हणतात. मग त्या गाण्यातूनच एकेक शब्द मोकळा करत न्यायचा. "पण गाणं त्यांच्या अंगात मुरलेलं पाहिजे," ती म्हणाली. "त्यांच्याच आवाजातलं असलं तर फार बरं. रोज ऐकवता येईल, त्या बरोबर म्हणू लागतील. असं काही रेकॉर्डिंग आहे का तुमच्याकडे? पहिले काही महिने महत्त्वाचे असतात, नंतर अवघड होत जातं."

माझी बहीण हसली. झटका आल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा बघत होतो. "मॅडम, आमचा दादा व्हिडिओवाला हाय," ती म्हणाली. "आयची शंभर लग्ना असतील त्याच्याकडं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. आईही खाटेवरून माझ्याकडे बघत होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, "हो, आहेत. शोधून आणतो."

पेणला परत येताना एसटीत मी एकच गोष्ट घोकत होतो, की एखादं तरी राहिलं असेल. माणूस शंभर वेळा एकच चूक करत नाही, एखाद्या वेळी तरी विसरून बरोबर वागला असेल. स्टुडिओत गेल्या गेल्या जुन्या हार्ड डिस्क बाहेर काढल्या. एकेक लग्न उघडायचं आणि आधी खालचा ट्रॅक बघायचा. काही ठिकाणी तो नव्हताच. काही ठिकाणी सिनेमाची गाणी. चार दिवस मी क्लासला सुट्टी टाकून हेच करत होतो. पडद्यावर आई, पाटाजवळ बसलेली, कपाळावर हळद, तोंड उघडतंय, मिटतंय, आणि वर कोणत्या तरी हिरोचं गाणं चाललेलं. एका लग्नात तर तिचं तोंड आणि गाण्याचे शब्द दोन सेकंद जुळल्यासारखे झाले. मी कॉम्प्युटर बंद करून खाली गल्लीत जाऊन उभा राहिलो. समोर कारखान्यात मूर्तीला रंग देत होते. तिथल्या माणसाने विचारलं, चहा घेणार का? मी घेतला.

तुम्ही म्हणाल, आता घराघरात मोबाइल आहेत, त्यात कोणी घेतलं नाही? तेही विचारून झालं. इतक्या वर्षांत धवलारणीला बोलावणं कमी होत गेलं आणि जिथे बोलवायचे तिथे डीजे तिच्या उरावर वाजत असायचा. ज्यांनी मोबाइलवर घेतलं त्यांनी त्याचे रील केले, आणि रील म्हटलं की वर गाणं आलंच. माझाच धंदा आता सगळे फुकटात करतात. घरी मी आईला कधी ‘म्हण’ म्हटलं असतं, तरी ती म्हणाली नसती. मांडव नसताना धवला म्हणायचा नाही, हा तिचा नियम होता. धवल्याने देवांना बोलावतात; लग्न नसताना बोलावलं तर आलेल्या देवांना बसवायचं कुठे, असं तिचं म्हणणं. मी तिला चेष्टेने म्हणायचो की तुझे देव फार मानी आहेत. खरं तर मी तिला ‘म्हण’ असं म्हटलंच नाही कधी. नियम होता म्हणून बरं, दोष त्याच्यावर ढकलता येतो.

बहिणीने तिच्या परीने प्रयत्न केला. लहानपणी तीही आईच्या मागे बसायची. तिने आईजवळ बसून हळदीचा धवला सुरू केला. आईची मान लगेच वर झाली, डोळे उघडले, ओठ हलले. दोन ओळींवर बहीण थांबली. पुढचं तिला येत नव्हतं. "मी नुसती झील धरायचे रे, दादा," ती मला म्हणाली, "पुढचा आयच म्हनायची." आई तिच्याकडे बघत राहिली, पुढची ओळ ये म्हणून. मग मांडीवर थापट्या मारू लागली.

पण त्या दोन ओळींना तिचे ओठ हलले होते. थेरपिस्ट म्हणाली ते खोटं नव्हतं, हे आम्ही डोळ्यांनी बघितलं. तिथून पुढे माझी झोप उडाली.

खांब गावाजवळच्या एका वाडीत एक म्हातारी धवलारीण लेकीकडे येऊन राहिली आहे असं कळलं म्हणून तिच्याकडे गेलो. ओटीवर बसून तांदूळ निवडत होती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, आईला ओळखतही होती. म्हणाली, "तिचे धवले येगळे, माझे येगळे. आनी मांडव नाय, नवरा नाय, मी बोलवू कोनाला?" मी म्हटलं, मांडव घालतो. ती म्हणाली, "लगीन नाय तर तो मांडव कसला, पोरा." वाईट वाटून म्हणाली, रागाने नाही. निघताना तिने मला पाणी दिलं आणि आईला सांग म्हणाली. काय सांग ते म्हणाली नाही.

मग कॅसेटी आठवल्या; नंतरच्या काळातली मेमरी कार्डं तर मी दर लग्नानंतर पुसत आलो होतो. ती कार्डं आली तेव्हा मी जुना कॅमेरा कॅसेटींसकट रोह्याच्या एका व्हिडिओवाल्याला देऊन टाकला होता. त्याच्याकडे गेलो. कॅमेरा अजून होता आणि चालतही होता. कॅसेटी त्याने गावोगावच्या अंडरआर्म क्रिकेटच्या सामन्यांना वापरल्या होत्या. आम्ही एकेक लावून बघितली. सामनेच सामने, आणि त्यांचा आवाज मात्र झकास. कॉमेंट्री ऐकू आली नाही तर लोक सीडी घेत नाहीत, असं तो म्हणाला. एका कॅसेटीवर सामना संपला, बक्षीस वाटून झालं, पडदा निळा झाला, आणि त्याच्या पाठोपाठ जुनं राहिलेलं एक लग्न सुरू झालं. चाळीस सेकंद, हळदीची. आणि आवाजासकट.

मी आवाज वाढवला. पडद्यावर आई होती आणि ती गात होती. पण कॅमेऱ्याचा माईक कॅमेऱ्यावरच असतो आणि कॅमेरा माझ्या खांद्यावर. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. "बाजूला व्हा, ओ ताई, बाजूला व्हा. नवरीची आई कुठाय? लाइट इकडे मार." चाळीसच्या चाळीस सेकंद मी बोलत होतो. मागे बेंजो, आणि त्याच्यामागे, कान देऊन ऐकलं तर, बाईच्या आवाजाचा एक सूर. तो आईचा आहे हे मला माहीत होतं म्हणून कळत होतं.

ते मी पेणला आणलं. आता आवाज वेगळे करणारे प्रोग्राम निघाले आहेत, ते सगळे वापरून बघितले. माझा आवाज काढला की तिचे शब्दही जायचे, कारण दोन्ही आवाज एकाच वेळी एकाच जागी नोंदले गेलेले. शेवटी जे उरलं त्यात सूर होता, शब्द एकही नव्हता. तरी मोबाइलवर घालून थेरपिस्टला ऐकवलं. तिने दोनदा ऐकलं. "शब्द कळायला हवेत हो," ती हळूच म्हणाली. "त्यांच्याकडून शब्दच काढायचे आहेत ना." मग तिने विचारलं, "बाकीची रेकॉर्डिंग कधी आणताय?"

बहिणीला अजून मी काहीच सांगितलं नव्हतं. ती रोज फोन करायची, सापडलं का? मी सांगायचो, जुनं सामान आहे, वेळ लागतो. एकदा म्हणाली, "दादा, आता तिचे ओठ पन कमी हलतात. लवकर आन." तिला वाटायचं की आवाज कुठेतरी ठेवलेला आहे आणि मी आळस करतोय. मीही तसंच वाटू दिलं. आळशी ठरणं त्यातल्या त्यात परवडणारं होतं.

एका आठवड्यात थेरपिस्टच म्हणाली की निदान चित्र तरी आणा, स्वतःला गाताना बघून काही झालं तर झालं. तिला वाटत होतं आवाज खराब झाले असतील. मी काही लग्नं लॅपटॉपवर घेतली. त्यांच्यावरची सिनेमाची गाणी काढून टाकली, कारण ती ऐकून आई आणखी गोंधळली असती. आवाजाचा ट्रॅक सपाट झाला. रोह्याला पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. बहिणीने आईला उशीला टेकवून बसवली होती, केस विंचरले होते, चांगलं लुगडं नेसवलं होतं. पाहुणे यायचे असल्यासारखी तयारी होती.

मी लॅपटॉप तिच्या मांडीसमोर पाटावर ठेवला आणि पहिलं लग्न लावलं. आईने स्वतःला लगेच ओळखलं. चेहऱ्याची डावी बाजू हसली. पडद्यावर तिने हळदीची वाटी उचलली, मान थोडी तिरकी केली आणि तोंड उघडलं. इकडे खाटेवर तिचे ओठही हलायला लागले. बहिणीने माझा हात धरला. आई पुढे वाकली.

मग थांबली. पडद्याकडे बघितलं. डावा हात उचलून कानाशी नेला. कान चोळला, कानात बोट घालून हलवलं, परत ऐकू लागली. पडद्यावरच्या सगळ्या बायका तोंड उघडून गात होत्या. आईने दुसऱ्या बाजूचा कान चाचपला. तिच्या चेहऱ्यावर जी भीती आली तशी मी झटका आला त्या दिवशीही बघितली नव्हती. तिला वाटलं, वाचा गेली तसे आता कानही गेले.

"आय, माझा आवाज येतो ना तुला?" बहीण घाबरून म्हणाली. आईने मान हलवली, येतो. आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

तेव्हा मी सांगितलं. आणखी गप्प बसणं शक्य नव्हतं. "आय, कान बरे हायेत तुझे. आवाज यात नाय. मीच काढला व्हता. वर गानी लावायची म्हनून."

बहिणीने माझा हात सोडला. तिला सगळंच कळलं हे मला कळलं. आई माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू उतरली. कान शाबूत आहेत एवढ्याने ती निवल्यासारखी झाली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

थोड्या वेळाने तिने समजल्यासारखी मान डोलावली. मग डावा हात उचलून बोटाने पडद्याकडे खूण केली, पुढे, पुढे. हे राहू दे, दुसरं लाव. तिला वाटलं, मी ह्या एकाच लग्नातला आवाज काढला असेल.

ती उशीला नीट टेकून, ओठ जुळवून, वाट बघत बसली. मी दुसरं लावलं.